जुना कशिदा नव्याने भरताना : नमुना निवडावा कसा?

ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली पणजीची चंद्रकळा, पदरावर गोपुरे आणि पालख्या भरलेले एखादे इरकली लुगडे, नाहीतर देवघरातील चौरंगावरचा जुना रुमाल. अशी एखादी वस्तू अनेक मराठी घरांतून आजही निघते. बोहारणीच्या पाटीतून अशी कितीतरी लुगडी गेली आणि त्यांच्या मोबदल्यात पातेली, डबे घरात आले. जी उरली, ती आता घडीवरच विरू लागली आहेत. कापड फार काळ टिकणार नसेल, तर निदान त्यावरचे काम तरी पुन्हा भरून ठेवावे, असा विचार हाताला सुईची सवय असलेल्या व्यक्तीच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

मात्र अशी हौसेने हाती घेतलेली कामे अनेकदा अर्धवट राहतात किंवा पूर्ण झाल्यावर मूळ वस्तूशी त्यांचे नाते केवळ आकृतीपुरते उरते. दोष बहुधा हाताचा नसतो, निवडीचा असतो. जे सर्वांत सुंदर दिसते ते निवडले जाते. जे नीट वाचता येते आणि आपल्या आयुष्याच्या वेळापत्रकात बसते, त्याकडे दुर्लक्ष होते. ऐतिहासिक भरतकामाची पुनर्निर्मिती म्हणजे चित्र उतरवून घेणे नव्हे. कापड कोणते, दोरा कोणता, टाका कोणता आणि तो कोणत्या क्रमाने घातला, या चारही गोष्टी शोधून त्या पुन्हा करून पाहणे म्हणजे पुनर्निर्मिती. त्यामुळे नमुना निवडताना सौंदर्याबरोबरच काही कसोट्या लावून पाहणे आवश्यक ठरते.

दोन अनुभव, दोन धडे

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. सन १०६६ मधील हेस्टिंग्जच्या लढाईची कथा सांगणारा आणि फ्रान्समधील बायो या गावाच्या नावाने ओळखला जाणारा पट सुमारे ७० मीटर लांब आहे. त्याला 'टॅपेस्ट्री' म्हणत असले, तरी तो विणलेला नसून तागाच्या कापडावर लोकरीच्या दोऱ्याने भरलेला आहे. लीक या गावातील एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने सुमारे ३५ स्त्रियांनी १८८५-८६ मध्ये या पटाची पूर्ण आकाराची प्रतिकृती वर्षभरात भरून काढली. एलिझाबेथ यांचे पती थॉमस वॉर्डल हे रेशीम रंगविण्याच्या धंद्यातील जाणकार होते. भारतातील टसर रेशमाचाही त्यांचा मोठा अभ्यास होता. प्रतिकृतीसाठी लागणारी लोकर त्यांनी वनस्पतिजन्य रंगांत रंगवून दिली. ही प्रतिकृती आज रेडिंग येथील संग्रहालयात आहे.

काम अचाट होते, पण त्यात एक उणीव राहिली. या स्त्रियांनी मूळ पटावरून नव्हे, तर लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयातील हाताने रंगविलेल्या छायाचित्रांवरून काम केले. मूळ पटाच्या किनारीवर काही नग्न आकृत्या आहेत. छायाचित्रे तयार करतानाच त्यांतील नग्नता झाकण्यात आली होती. भरणाऱ्या स्त्रियांनी समोर होते ते इमानाने भरले आणि अकराव्या शतकातील माणसाच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातील संकोच चढला. मधल्या माध्यमावर विसंबून केलेली प्रत त्या माध्यमाच्या चुकाही उतरवून घेते, हा यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे आहे. हिमाचल प्रदेशातील चंबा येथील रुमाल अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ख्याती पावले. नजराणे आणि पूजासाहित्य यांवर झाकण्यासाठी ते वापरले जात. पहाडी शैलीतील चित्रकार कापडावर कोळशाने रेखाटन करीत आणि स्त्रिया न पिळलेल्या रेशमाने ते भरीत. या कामातील 'दोरुखा' टाका दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. विसाव्या शतकात रेखाटन करणारा चित्रकार आणि भरणारी स्त्री यांची ही जोडी तुटली. भडक रंग आणि ढोबळ आकृत्या शिरल्या. दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिल या संस्थेने १९९० च्या दशकात संग्रहालयांतील जुन्या रुमालांचा अभ्यास करून त्यांची पुन्हा चित्रकारांकडून रेखाटने करवून घेतली आणि ती चंब्यातील स्त्रियांकडून भरवून घेतली. केवळ टाका शिकविण्यावर न थांबता तुटलेली कामाची साखळीच जोडण्याचा हा प्रयत्न होता. चंब्यातील कारागीर ललिता वकील यांनी ही कला कित्येक मुलींना शिकविली. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

पहिली कसोटी : उलटी बाजू

या दोन्ही उदाहरणांतून पहिली कसोटी हाती येते. ज्या वस्तूची मागची बाजू पाहता येईल, तीच वस्तू निवडावी. समोरच्या बाजूने अनेक टाके सारखेच दिसतात. धावदोऱ्याने जाऊन त्याच रेघेवरून परत येत मधल्या फटी भरल्या, तरी सलग रेघ दिसते आणि उलटी टीप घातली, तरी सलग रेघच दिसते. कापड उलटले की फरक कळतो. पहिल्या प्रकारात मागेही तशीच एकेरी रेघ असते, तर उलट्या टिपेत मागचे टाके लांब आणि एकमेकांवर चढलेले असतात. छायाचित्र फक्त सुलट बाजूचे असेल, तर टाका कोणता हे ठरविताना अंदाजच करावा लागतो.

मागच्या बाजूचा आणखी एक फायदा रंगांबाबत होतो. उजेडाने सुलट बाजूचे रंग उडतात, मागचे तुलनेने टिकतात. आज फिकट बदामी दिसणारा दोरा मागून पाहिल्यास गुलाबी निघू शकतो. दोऱ्याची सुरुवात कोठे झाली, तो एका आकृतीतून दुसऱ्या आकृतीत कसा गेला, दुरुस्ती कोठे झाली, हेही मागेच दिसते. जुनी वस्तू घरातील असेल, तर हे पाहणे सोपे जाते. संग्रहालयातील असेल, तर मागच्या बाजूचे छायाचित्र उपलब्ध आहे का, याची आधी चौकशी करावी. मागच्या बाजूला अस्तर शिवलेले असेल, तर ते उसवण्याचा मोह टाळावा.

दुसरी कसोटी : मोजता येणे

नवशिक्यांसाठी मोजून भरायचे काम सर्वांत विश्वसनीय. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपण ज्याला 'कर्नाटकी कशिदा' म्हणतो ती धारवाड, बेळगाव, विजापूर भागातील कसुती. इरकली लुगड्यांमुळे आणि लग्नातल्या चंद्रकळेमुळे ती मराठी घरांतही पोहोचली. कसुतीत कापडावर रेखाटन करीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजूनच टाका घातला जातो. तिचे टाके चार. गवंती हा जाऊन-येऊन भरायचा धावदोरा, मुरगी हा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा टाका, नेगी हा विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा आणि मेंथी हा फुलीचा टाका. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर या तिच्या नेहमीच्या आकृत्या आहेत.

धागे मोजून भरलेले काम आलेख कागदावर अचूक उतरविता येते. एक चौकोन म्हणजे एक टाका, असे धरून आकृती काढली की ती कायमची हाती राहते. फुले-वेलींच्या मुक्तहस्त कामात ही सोय नसते. तेथे रेषेचा डौल भरणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहतो.

मोजताना एक काळजी घ्यावी. हातमागाच्या कापडात उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी सारखीच असेल, असे नाही. एक इंचाच्या अंतरावर दोन टाचण्या लावून दोन्ही दिशांचे धागे भिंगातून वेगवेगळे मोजावेत. इरकली लुगड्यात तर अंगाचे आणि पदराचे उभे धागे निराळे असतात. पदराचा रेशमी ताणा अंगाच्या ताण्याला मागावरच जोडलेला असतो. तेव्हा जेथे कशिदा आहे, तेथीलच धागे मोजणे इष्ट.

गवंती टाक्याचा मार्ग

गवंती टाक्यात गाठ मारीत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. हे साधते कसे, हे कळले तर निवड करणे सोपे जाते. आकृतीच्या सर्व रेघा एकमेकींना जोडलेल्या असतील, तर जाताना एक टाका वर आणि एक टाका खाली असे करीत पुढे जायचे. वाटेत फाटा लागला की तो पूर्ण करून त्याच रेघेवरून मूळ वाटेवर परत यायचे. शेवटपर्यंत जाऊन उलट फिरले की राहिलेल्या फटी भरत जातात आणि सुई जेथून निघाली तेथेच परत येते. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक टाक्यांतच दडविले जाते. यावरून निवडीचा एक साधा नियम निघतो. पहिल्या कामासाठी सलग जोडलेल्या रेघांची आकृती घ्यावी. सुटे ठिपके, तुटक फुले असतील, तर प्रत्येक तुकड्यासाठी दोरा नव्याने सुरू करावा लागतो आणि दोन्ही बाजू स्वच्छ ठेवणे अवघड होते.

योगायोग असा, की हाच टाका युरोपात 'होल्बाइन टाका' म्हणून ओळखला जातो. हान्स होल्बाइन या चित्रकाराने इंग्लंडच्या राजदरबारातील व्यक्तींची जी चित्रे रंगविली, त्यांतील गळपट्ट्यांवर आणि मनगटांवरच्या झालरींवर असे काळे भरतकाम दिसते. व्हिएन्ना येथील राणी जेन सीमोर हिच्या चित्रातील मनगटाची झालर पुन्हा भरण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र चित्र हे कापड नव्हे. चित्रकाराने किती टाके गाळले आणि किती केवळ सूचित केले, हे मोजता येत नाही. चित्रावरून केलेले काम सुंदर होऊ शकते. त्याला पुनर्निर्मिती म्हणण्यापेक्षा 'चित्रावरून केलेली कल्पना' म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

तिसरी कसोटी : साहित्य मिळेल का?

नमुना आवडला, टाका कळला, तरी साहित्य मिळाले नाही तर काम अडते. बाजारात सहज मिळणाऱ्या मॅटी कापडावर जुनी आकृती भरली की ती फुगते. मूळ कापडावर इंचाला १६ टाके असतील, तर ४८ टाक्यांचे कमळ ३ इंचांत बसते. नव्या कापडावर इंचाला ८ टाके बसत असतील, तर तेच कमळ ६ इंचांचे होते. आकृती तीच असूनही तिची नजाकत जाते. कापड आधी शोधावे आणि मग नमुना कायम करावा, हा क्रम त्यामुळेच सोयीचा. दाट रेशमावर भरताना हल्ली कापडावर कॅनव्हासची जाळी टाचून, तिच्या आधाराने टाके घालून नंतर जाळीचे धागे ओढून काढतात. ही पद्धत वापरण्यास हरकत नाही, मात्र ती वापरल्याची नोंद ठेवावी.

दोऱ्याचेही तसेच. चंबा रुमालातील रेशमाला पीळ नसतो, म्हणून ते कापडावर पसरते आणि चमकते. पीळ दिलेला दोरा वापरल्यास आकृतीच्या मध्ये रेघा उमटतात. कृत्रिम रंगांचा शोध १८५६ मध्ये लागला. त्यापूर्वीच्या कामात मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा आणि निरनिराळ्या वनस्पतींचे पिवळे हेच मुख्य रंग. एखाद्या वस्तूचा काळ त्याआधीचा सांगितला जात असेल आणि तिच्यात झगझगीत जांभळा दोरा दिसत असेल, तर तो भाग नंतरच्या दुरुस्तीचा आहे किंवा सांगितलेला काळ चुकीचा आहे, असे समजून पुन्हा तपासावे.

चौथी कसोटी : वेळेचा हिशेब

बहुतेक कामे येथेच अडखळतात. हिशेब करण्याची रीत सोपी आहे. निवडलेल्या कापडावर, निवडलेल्या दोऱ्याने एक चौरस इंच भरून पाहावा आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. समजा, एका चौरस इंचाला ४५ मिनिटे लागली आणि पदराची किनार ४ इंच रुंद व ४० इंच लांब आहे. म्हणजे १६० चौरस इंच, ७,२०० मिनिटे, अर्थात १२० तास. रोज एक तास दिला तर चार महिने. उसवणे, सणवार, पाहुणे आणि डोळ्यांना हवी असलेली विश्रांती धरली, तर सहा महिने म्हणावेत. चंद्रकळेसारख्या काळ्या कापडावर धागे मोजणे दिवसाच्या उजेडातच जमते. मांडीवर पांढरे कापड पसरले, तर धाग्यांमधल्या फटी अधिक स्पष्ट दिसतात.

हिशेब पाहून धीर खचत असेल, तर संपूर्ण पदराऐवजी एकच पालखी निवडावी. अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामापेक्षा नीट पूर्ण केलेल्या तुकड्यातून पुढच्या माणसाला अधिक शिकता येते.

पाचवी कसोटी : विचारायला कोणी आहे का?

टाका पुस्तकातून समजतो. हात कसा धरावा, दोरा किती ओढावा, आकृतीचा कोणता भाग आधी भरावा, हे मात्र सांगणारी व्यक्ती लागते. बायोच्या पटाचे काम करणाऱ्या स्त्रियांना विचारण्याची सोय आज कोणालाच नाही. कसुती भरणाऱ्या स्त्रिया मात्र आजही आहेत. धारवाड, हुबळी परिसरात हे काम चालते, बेळगावकडच्या मराठी कुटुंबांतूनही ते जाणणाऱ्या आजीबाई भेटतात. ज्या कामाचे जाणकार हयात आहेत आणि वयस्क आहेत, ते काम आधी निवडावे. संग्रहालयातील पट आणखी काही वर्षे थांबेल, पण वयाची ऐंशी ओलांडलेल्या आजींना आजच विचारायला हवे. त्या सुई चालवीत असताना त्यांच्या हातांचे चित्रीकरण करून ठेवणे हाही या कामाचाच भाग समजावा.

कोणासाठी कोणता नमुना?

पूर्णपणे नवशिक्या व्यक्तीने घरातील कापडावरची एखादी सलग रेघांची कसुती आकृती, शक्यतो एकाच टाक्याची, घ्यावी. भरतकामाचा थोडा अनुभव असलेल्यांसाठी टाक्यांचे जुने नमुनापट उपयुक्त आहेत. शाळेत शिवणाच्या तासाला कापडाच्या तुकड्यांवर टाके घालून वहीत चिकटविल्याचे अनेकींना आठवत असेल. नमुनापट हा त्याचाच पूर्वज. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक हिने १५९८ मध्ये केलेला नमुनापट आहे. साल भरलेल्या ब्रिटिश नमुनापटांत तो सर्वांत जुना मानला जातो. ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंदही त्यावर अक्षरांत भरलेली आहे. त्याची छायाचित्रे संग्रहालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यातील एकच पट्टी घेऊन काम पूर्ण करता येते, हा त्याचा मोठा गुण.

सराईत हातांनी चंबा रुमालाकडे वळावे, मात्र रेखाटनासाठी चित्रकलेचा हात असलेल्या व्यक्तीची सोबत घ्यावी. चंब्याचे भुरीसिंग संग्रहालय (स्थापना १९०८) आणि अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय येथे जुने रुमाल पाहता येतात. बायोच्या पटासारखे काम एकट्याने करण्याचे नव्हेच. चार-सहा मैत्रिणींचा गट असेल, तर त्यातील एक प्रसंग वाटून घेता येईल. पुणेकरांना राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वस्त्रांपासून आणि मुंबईकरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील वस्त्रदालनापासून सुरुवात करता येईल.

जुन्या कापडाची काळजी

नमुना उतरविताना मूळ कापडाला इजा होता कामा नये. ते धुऊ नये, त्यावर इस्त्री फिरवू नये, सेलोटेप किंवा टाचण्या कशिद्यावर लावू नयेत. धागे मोजण्यासाठीच्या टाचण्याही कापड भक्कम असेल तरच लावाव्यात, जीर्ण असेल तर पट्टी ठेवून मोजावे. टाका कसा आहे हे पाहण्यासाठी तो उचकटण्याची गरज नसते, भिंगाने काम भागते. कापड टेबलावर सपाट पसरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात फ्लॅशविना घ्यावीत. फाटलेल्या घड्यांवर पुन्हा तीच घडी घालू नये. सुती कापडात गुंडाळून ठेवणे अधिक चांगले.

कामाबरोबर एक वही ठेवावी. मूळ वस्तू कोणाची, कोठून आली, धागे किती, दोरा कोणता, कोठे अंदाज करावा लागला आणि कोठे मुद्दाम बदल केला, हे सारे तारखेनिशी लिहावे. मूळ कापड उद्या राहणार नाही. त्या वेळी या वहीलाच पुराव्याचे मोल येईल. अंदाज कोठे केला हे लिहिलेले नसेल, तर पुढच्या पिढीला तो अंदाजच मूळ वाटू लागेल.

शेवटी, झालेल्या कामावर भरणाऱ्याचे नाव आणि साल अवश्य घालावे. जुन्या वस्तूची हुबेहूब प्रत पुढे जुनी म्हणून विकली जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. लीकच्या स्त्रियांनी प्रत्येकीने भरलेल्या भागाखाली आपापले नाव भरून ठेवले आहे, म्हणूनच आज त्या नावानिशी माहीत आहेत. ट्रंकेतली चंद्रकळा जिने भरली, तिचे नाव मात्र बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. कसुतीला उलटी बाजू नसल्याने नाव दडवायला जागा नाही, ही अडचण खरी. पण दुमडीच्या आतल्या पट्टीवर दोन ओळी सहज बसतात. एक आपल्या नावाची आणि दुसरी, ठाऊक असेल तर, मूळ चंद्रकळा जिची होती तिच्या नावाची.